लॅबवाले आता नक्की करतात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे नातेवाइकांपासून ते नवीन लागलेल्या पोरापोरींपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हटलं एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकावीत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही एका ओळीत संपलीत.

सगळं मशीनच करतं ना आता? मग तुम्ही काय बटण दाबता का?

बटणही आता फारसं दाबावं लागत नाही हो, बारकोड लावलेली ट्यूब रॅकमध्ये ठेवली की मशीन स्वतःच वाचतं कुठल्या टेस्ट लावायच्या ते. मोठ्या लॅबमध्ये तर झाकण काढणं, सेंट्रिफ्यूज करणं (गरगर फिरवून पेशी खाली बसवणं), नंतर ट्यूब फ्रीजमध्ये नेऊन ठेवणं हे पण पट्ट्यावर आपोआप होतं.

पण मशीनला एक गोष्ट कळत नाही, की समोर आलेलं रक्त नक्की त्याच पेशंटचं आहे का, नीट काढलंय का, आणि जो आकडा आलाय तो जिवंत माणसाचा असू शकतो का. थोडीफार पारख मशीनही करतं, सिरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळसर पाणी) लाल दिसलं तर फ्लॅग म्हणजे इशाऱ्याची खूण देतं, गुठळी सुईत अडकली तर ओरडतं. पण फ्लॅग आल्यावर पुढे काय करायचं हे माणूसच ठरवतो. आधी आमचा दिवस आकडा काढण्यात जायचा, आता तो आलेला आकडा खरा मानायचा की नाही हे बघण्यात जातो.

हा बदल झाला कधी? आधी कसं चालायचं?

एका दिवसात काही झालं नाही. आमच्या सीनियर बाई सांगायच्या की त्यांनी तोंडाने पिपेट ओढलेत (आज कोणी करताना दिसलं तर तिथल्या तिथे बाहेर काढतील), न्यूबॉर चेंबरमध्ये (बारीक चौकटी आखलेल्या काचेवर) मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजलीये, आणि शुगर करायची म्हणजे ट्यूब उकळून रंग कलरीमीटरला (रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्राला) लावून आलेखावरून आकडा काढायचा.

पहिला मोठा धक्का वॉलेस कूल्टर या अमेरिकन इंजिनिअरने दिला. पेशी बारीक भोकातून जाताना विजेला अडथळा करते, तो अडथळा मोजला की पेशी मोजली, एवढी साधी आयडिया, पण १९५३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि हळूहळू चेंबरसमोर डोळे फोडून घेणं संपत गेलं. आजच्या कितीतरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मशीनमध्ये तेच तत्त्व आहे. मग १९५७ च्या सुमारास लिओनार्ड स्केग्जचा ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आला आणि बायोकेमिस्ट्री (शुगरसारख्या रासायनिक टेस्ट) नळ्यांमधून आपोआप वाहायला लागली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रेडिओइम्युनोअसे (किरणोत्सर्गी खूण लावून मोजायची पद्धत) काढली, त्यामुळे रक्तात अगदी किंचित असणारे हार्मोन मोजता यायला लागले. यॅलोंना १९७७ ला नोबेल मिळालं, बर्सन तोपर्यंत गेले होते. १९७१ मध्ये एलायझा (तेच काम किरणोत्सर्गाऐवजी एन्झाइमने करणारी टेस्ट) आली, १९८३ मध्ये कॅरी म्युलिसला पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची युक्ती) सुचलं. ट्यूब पट्ट्यावरून फिरवणारी पूर्ण ऑटोमेटेड लॅब जपानमध्ये मासाहिदे सासाकींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभी करून दाखवली होती, म्हणजे हे काही कालपरवाचं नाही.

गंमत अशी की प्रत्येक वेळी लोक म्हणाले आता लॅबवाल्यांचं काम संपलं. झालं उलटंच, टेस्ट स्वस्त आणि सोप्या झाल्या म्हणून डॉक्टर जास्त लिहायला लागले आणि काम वाढलं. फक्त त्या कामाचा चेहरा बदलला.

टेक्निशियन, टेक्नॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट सगळे एकच का?

नाही. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर असतात. टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट हा फरक शिक्षणाचा आणि जबाबदारीचा, पण नावं प्रत्येक देशात वेगळी आहेत, कुठे बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणतात कुठे अजून काही. पेशंटच्या दृष्टीने आम्ही सगळे 'ते रक्त काढणारे', आणि खरं सांगायचं तर आमच्यातले कितीतरी जण आयुष्यात क्वचितच रक्त काढतात.

रक्त दिलेलं असताना परत का बोलावता? तुमची चूक आमच्या माथी?

राग समजू शकते, दोनदा टोचून घ्यायला कोणाला आवडतं. पण हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर.

लॅबमधल्या चुका म्हटलं की लोकांना वाटतं मशीन चुकलं. इटलीत पादुआच्या हॉस्पिटल लॅबमध्ये प्लेबानी आणि कारारो यांनी चुका मोजल्या होत्या, १९९७ च्या त्यांच्या पेपरात ६८ टक्के चुका टेस्ट लावायच्या आधीच्या निघाल्या, प्रत्यक्ष मोजण्यातल्या फक्त १३ टक्के. दहा वर्षांनी परत मोजलं तेव्हाही ६२ टक्के आधीच्याच. म्हणजे चुकीची ट्यूब, चुकीचं नाव, कमी रक्त, दंडाला फार वेळ पट्टा बांधून ठेवणं, सॅम्पल तासन्‌तास तसंच पडून राहणं, हे सगळं.

माझा स्वतःचा किस्सा सांगते. नवीन होते, रात्रपाळी, एका पेशंटचं पोटॅशियम १२ च्या वर आणि कॅल्शियम २ च्या खाली. मी घाबरून वॉर्डला फोन लावला, तर सिस्टर म्हणाल्या अगं तो तर बसून गप्पा मारतोय. तेव्हा ट्यूब पेटली (डोक्यातली). जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणूनच रक्त गोठत नाही. कोणीतरी आधी जांभळी ट्यूब भरली, मग लक्षात आल्यावर त्यातलं थोडं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं. बस्स. मशीनने अगदी बरोबर मोजलं होतं, फक्त पेशंट नाही, ट्यूबमधलं केमिकल मोजलं होतं. तो रिपोर्ट तसाच गेला असता आणि कोणी त्यावर इलाज सुरू केला असता तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

हिमोलिसिसचं, म्हणजे लाल पेशी फुटण्याचं पण तसंच. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या प्लाझ्माच्या २० पटीहून जास्त असतं, त्यामुळे सुई बारीक, ओढ जोरात, ट्यूब आपटली, पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं केमिकल) आणि रक्ताचं प्रमाण १ ला ९ असावं लागतं, अर्धीच भरली तर रक्त गोठायला लागणारा वेळ खोटा लांबतो. शुगरचं सॅम्पल वेगळं न करता ठेवलं तर पेशीच ती शुगर खात बसतात, साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं पण तेही लगेच नाही, पहिला तास-दोन तास शुगर उतरतच राहते, हे बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतं.

तर परत बोलावलं म्हणजे कोणीतरी तुमचा खोटा आकडा अडवलाय. चिडायचं असेल तर जे लॅबवाले कधीच कोणाला परत बोलवत नाहीत त्यांच्यावर चिडा.

मशीन बरोबर मोजतंय हे तुम्हाला कसं कळतं?

क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल. रोज पेशंटच्या आधी (आणि मोठ्या लॅबमध्ये मधेमधे पण) कंट्रोल म्हणजे असं तयार सॅम्पल लावतात, ज्याची किंमत आधीच माहीत असते. आलेले आकडे लीव्ही-जेनिंग्ज चार्टवर जातात, मधे सरासरी आणि दोन्ही बाजूंना एसडीच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्या मापाच्या) रेषा, ही पद्धत १९५० पासूनची आहे. १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड आणि मंडळींनी त्यावर नियम बसवले. एक कंट्रोल ३ एसडीच्या बाहेर गेला की रन थांबवा, सलग दोन एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेले तरी थांबवा, आणि सलग दहा सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर आकडे आत असले तरी काहीतरी सरकतंय, रिएजंटचा (टेस्टच्या केमिकलचा) लॉट बदलला का, दिवा म्हातारा झाला का, बघा.

आता खरी गोष्ट. कंट्रोल आउट गेला की परत लावायचा, परत आउट गेला की अजून एकदा लावायचा, आत आला की चला सुरू, हे मी पाहिलंय आणि सुरुवातीला केलंय पण. हे चूक आहे. प्रश्न सुटत नाही, फक्त नशिबाने एक आकडा बरा येतो. चार्टकडे बघून नक्की काय बिघडलंय ते ओळखणं हे आजच्या टेक्नॉलॉजिस्टचं मुख्य कौशल्य आहे आणि ते कुठलंही मॅन्युअल वाचून येत नाही.

ऑटो-व्हेरिफिकेशन म्हणजे कोणी न बघताच रिपोर्ट सोडता?

एका अर्थी हो, आणि त्यात वाईट काही नाही. आम्हीच सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहितो, की क्यूसी पास असेल, फ्लॅग नसेल, आकडा अमुक हद्दीत असेल आणि आधीच्या रिपोर्टशी फार फरक नसेल तर सोड, नाहीतर माणसासाठी थांबव. आधीच्या रिपोर्टशी तुलना करण्याला डेल्टा चेक म्हणतात. उदाहरण म्हणजे एमसीव्ही, लाल पेशीचा सरासरी आकार, तो दोन दिवसांत फारसा हलत नाही. परवा ७० होता आणि आज ९४ आला, मधे रक्त चढवलेलं नाही, तर बहुतेक ट्यूबवर दुसऱ्याचंच नाव आहे.

रात्री दोन वाजता थकलेल्या डोळ्यांनी ३०० नॉर्मल रिपोर्टवर ओके ओके करण्यापेक्षा जे ४० अडलेत ते नीट बघणं केव्हाही बरं. पण नियम कोणी लिहिले, कधी तपासले, हे महत्त्वाचं. मशीनबरोबर आलेले तयार नियम तसेच्या तसे चालवणाऱ्या लॅब असतात, तिथे मला भीती वाटते.

प्लेटलेट २० हजार आले, घरचे रडायला लागले, दुसरीकडे दोन लाख. मशीन खराब?

बहुधा नाही. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात, हजारात एखाद्याच्या. मशीनला गठ्ठा मोजता येत नाही, मग काउंट पडलेला दिसतो. स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघितलं की कडेला गठ्ठे सरळ दिसतात, सायट्रेट ट्यूबमध्ये परत सॅम्पल घ्यायचं आणि पातळ झाल्याचा हिशोब म्हणून १.१ ने गुणायचं. म्हणून म्हणते, स्लाइड वाचता येणारी माणसं संपू देऊ नका.

रिपोर्टमध्ये एकच आकडा ठळक छापून आलाय, मला काही झालंय का?

नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के जिथे बसतात ती जागा. म्हणजे ठणठणीत माणसांतला २० मधला एक बाहेर राहणारच, ठरवूनच तसं केलंय. आता फुल बॉडी पॅकेजमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर निरोगी माणसाचा एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. किंचित बाहेर गेलेला एकटा आकडा बघून नेटवर रोग शोधत बसू नका, डॉक्टरना दाखवा, आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.

दोन लॅबचे आकडे वेगळे का येतात?

मशीन वेगळं, किट वेगळं, वेळ वेगळी, आणि तुम्ही स्वतः पण सकाळ-संध्याकाळ तेच नसता. काही टेस्ट जगभर चांगल्या जुळवून घेतल्यात, एचबीए१सी (शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) त्यातली एक. ट्यूमर मार्करचं (कॅन्सरशी संबंधित टेस्टचं) तसं नाही, तिथे प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, म्हणून फॉलोअप शक्यतो एकाच लॅबमध्ये एकाच पद्धतीवर करा.

लॅबवाले डॉक्टरला सांगू शकतात का की ही टेस्ट नको, ती करा?

इथेच खरा बदल झालाय. आधी आम्ही खिडकीआड असायचो, फॉर्म आला की टेस्ट लावायची, विचारायचं नाही. आता चांगल्या ठिकाणी टेक्नॉलॉजिस्टला विचारतात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा हार्मोन) बिघडलेला आला तर त्याच ट्यूबवर फ्री टी४ (थायरॉइडच्या हार्मोनची टेस्ट) आपोआप लागते, असले नियम डॉक्टर आणि लॅब मिळून बनवतात. कालच केलेली एचबीए१सी आज परत लिहिली असेल तर सिस्टीम अडवते, कारण ती टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, एका रात्रीत काय बदलणार. (आणि पेशंटला नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिनचा प्रकार वेगळा असेल तर तो आकडा फसवतो, हेही आम्हीच सांगायचं असतं.)

बायोटिन या व्हिटॅमिनची गोष्ट घ्या. केस-नखांसाठी लोक मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात आणि बऱ्याच इम्युनोअसेमध्ये (अँटिबॉडी वापरून करायच्या टेस्टमध्ये) बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनची एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी वापरलेली असते. रक्तात बायोटिन जास्त झालं की काही टेस्ट खोट्या कमी येतात, काही खोट्या जास्त, टीएसएच कमी आणि टी४ जास्त असं आलं की थेट थायरॉइड वाढल्याचं चित्र. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खोटं कमी आलं तर हार्ट अटॅक निसटतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला तेव्हा अशा एका मृत्यूचा उल्लेख होता. हे कोण पकडणार? ज्याला टेस्ट आतून कशी चालते ते माहितीये तो, म्हणजे आम्ही. पण त्यासाठी फोन उचलून "पेशंट काही गोळ्या घेतोय का" असं विचारायची हिंमत लागते आणि पलीकडच्याने ऐकून घ्यायची तयारी लागते, दुसरं कमी सापडतं.

अमेरिकेत आता क्लिनिकल लॅब सायन्समध्ये डॉक्टरेट आहे, ती झालेले लोक टेस्ट निवडण्यावर आणि अर्थ लावण्यावर डॉक्टरांना सल्ला देतात. ब्रिटनमध्ये खास ट्रेनिंग आणि परीक्षा झालेले काही बायोमेडिकल सायंटिस्ट ठरावीक प्रकारच्या बायोप्सी स्वतः रिपोर्ट करतात. निदान आणि उपचार डॉक्टरांचेच, त्यात आम्ही पडत नाही.

क्रिटिकल रिपोर्टचा फोन म्हणजे काय?

जीव धोक्यात असू शकेल असा आकडा आला की छापायची वाट न बघता लगेच फोन. जॉर्ज लुंडबर्ग यांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडली. समोरच्याकडून आकडा परत वदवून घ्यायचा आणि नाव-वेळ लिहून ठेवायची. हे अजून तरी माणूसच करतो.

मायक्रोबायोलॉजीत पण मशीन आली का?

आली आणि जोरात आली. आधी प्लेटवर कॉलनी (जंतूंचा पुंजका) उगवल्यावर जंतूचं नाव कळायला अजून एक दिवस बायोकेमिकल टेस्ट लावून बसायचं. माल्डी-टॉफ (जंतूतल्या प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं मशीन) आलं, त्याला कॉलनीचा ठिपका लावला की काही मिनिटांत नाव. टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) आठवडे घेतं, तिथे कार्ट्रिजवर चालणाऱ्या ज्या टेस्टला डब्ल्यूएचओने २०१० मध्ये मान्यता दिली ती दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालेल का दोन्ही सांगते.

पण माल्डीला ई कोलाय आणि शिगेला यांच्यात नीट फरक करता येत नाही, ते एकमेकांच्या इतके जवळचे आहेत. आणि ब्लड कल्चरमध्ये उगवलेलं खरंच रक्तातलं की कातडीवरचं, हे मशीन सांगत नाही. किती बाटल्यांत उगवलं, किती तासांनी उगवलं, ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघण्याच्या पद्धतीत) काय दिसतंय, यावरून अंदाज लावायचा असतो. ग्रॅम स्टेन १८८४ ची आहे आणि अजून रोज करतो आम्ही.

कोविडने काय बदललं?

लोकांना पहिल्यांदा कळलं की लॅब नावाची गोष्ट असते. कित्येकांनी काही आठवड्यांत पीसीआर शिकून घेतलं, घाण खोली वेगळी, स्वच्छ खोली वेगळी, एका दिशेनेच चालायचं, हे सगळं अंगवळणी पडलं. आणि घरोघरी लोक सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसायला पीसीआरच्या किती सायकल लागल्या तो आकडा) विचारायला लागले. सगळं सुरळीत असेल तर ३.३ सायकलचा फरक म्हणजे विषाणूचा साधारण दहापट माल, पण वेगळ्या किटचे आणि वेगळ्या प्रकारे घेतलेल्या स्वॅबचे सीटी एकमेकांशी ताडून बघायचे नसतात, हे समजावून घसा बसला. नंतर टाळ्या थांबल्या, मशीन राहिली, माणसं कमी झाली.

बेडजवळ, घरी टेस्ट होतात मग लॅब लागणार कशाला?

त्या टेस्टची जबाबदारी पण फिरून आमच्याकडेच येते. लॅबच्या दर्जाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१८९, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत बेडजवळच्या टेस्टचे नियम आतच घेतलेत. ग्लुकोमीटरचंच बघा, पेशंटला खूप अ‍ॅनिमिया असेल तर काही मीटर शुगर खोटी जास्त दाखवतात. वॉर्डातल्या स्टाफला शिकवणं, स्ट्रिपची तारीख बघणं, मीटर लॅबशी जुळवून बघणं, यात आता आमच्यातल्या काहींचा अख्खा दिवस जातो, लॅबबाहेर चालत.

एआय आमची नोकरी खाणार का? खरं सांगा.

काही कामं जाणार, खोटा धीर देत नाही. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बघायची स्लाइड) वाचणाऱ्यांचं बघा. ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१७ पासून दर दोन वर्षांच्या पॅपऐवजी दर पाच वर्षांनी एचपीव्ही (त्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) टेस्ट सुरू केली आणि स्लाइड फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांची. बायकांसाठी ते चांगलंच झालं, पण आयुष्यभर स्लाइड वाचलेल्या लोकांचं काम एकदम आटलं. तिथे एआय नव्हतंच, एक वेगळी टेस्ट पुरली.

स्लाइड स्कॅन करून स्क्रीनवर निदान करायला अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या सिस्टीमला परवानगी मिळाली, त्यावर एआय चढतंय. पेशी ओळखून रांगेत लावून देणारं सॉफ्टवेअर मी वापरलंय, नॉर्मल पेशींना छान आहे, विचित्र पेशी आली की ती कुठल्यातरी डब्यात ढकलतं आणि ती आपण बाहेर काढायची. ज्याने स्वतः हजारो स्लाइड पाहिल्या नाहीत त्याला ती चूक दिसणारच नाही. नवीन मुलांना हाताने बघायची सवय आता कुठून लागणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"७० टक्के निदान लॅबवर अवलंबून" हे खरं का?

आमचे लोक प्रत्येक भाषणात हा आकडा फेकतात. मायकेल हॉलवर्थ यांनी २०११ मध्ये त्याचा पुरावा शोधायचा प्रयत्न केला तर पक्कं काही हाती लागलं नाही. लॅब महत्त्वाची आहेच, पण आकड्यांचा धंदा करणाऱ्यांनी तरी पुरावा नसलेला आकडा वापरू नये.

आत्ता या क्षेत्रात येणाऱ्याने काय शिकावं?

बेसिक आधी. टेस्टचं तत्त्व, ती कशाने फसते, स्लाइड, क्यूसीचं गणित. मग लॅबचं सॉफ्टवेअर आणि थोडा डेटा हाताळणं, कारण नियम लिहिणारा माणूस लॅबमध्ये सगळ्यात महागाचा झालाय. मॉलिक्युलर (पीसीआरसारख्या डीएनए-आरएनएच्या टेस्ट) जमलं तर उत्तम. आणि फोनवर नीट बोलायला शिका, आमच्यातले बरेच जण माणसं टाळायला लॅबमध्ये येतात आणि आता माणसंच वाढलीत.

रिपोर्टबद्दल शंका असेल तर थेट लॅबला फोन केला तर चालतं का?

चालतं, करा. रिपोर्टवरचा नंबर हाताशी ठेवा, सॅम्पल किती वाजता दिलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत (व्हिटॅमिनच्या पण, लोक त्या गोळ्यांत धरतच नाहीत), जुना रिपोर्ट असेल तर तो पण. रोग कुठला ते आम्ही सांगणार नाही. पण आकडा पटत नाहीये म्हणालात तर ट्यूब बहुतेक ठिकाणी काही दिवस ठेवलेली असते, ती काढून नाव बघू, टेस्ट टिकण्यासारखी असेल तर परत लावून बघू.